थंड हवेचे दानपत्र

प्रकृती ढासळली की वैद्य हवापालटाचा सल्ला देतात, आणि मग आपण उंच, थंड व निवांत ठिकाण शोधू लागतो. या शोधात पाहिली जाते ती आपली प्रकृती. निवडलेल्या जागेचे पुढे काय होते, याचा विचार सहसा होत नाही. दार्जिलिंगची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

नेपाळ व सिक्कीम यांच्यातील सीमेचा तंटा मिटविण्याच्या कामगिरीवर निघालेला कॅप्टन लॉइड हा कंपनीचा अधिकारी फेब्रुवारी १८२९ मध्ये तेथे काही दिवस राहिला. सुमारे सात हजार फूट उंचीचा डोंगर, समोर कांचनगंगा आणि वस्ती जवळजवळ नाहीच. आरोग्यधाम वसवावे तर येथेच, असे त्याच्या मनाने घेतले. हिवताप दूषित हवेने होतो, अशी त्या काळची समजूत होती. डासाकडे बोट दाखविणारा रोनाल्ड रॉसचा शोध १८९७ चा. कारण चुकले होते, उपाय मात्र चुकला नव्हता. कारण तेवढ्या थंडीत हिवतापाच्या जंतूची वाढ नीट होत नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी सिक्कीमच्या राजाने दानपत्र करून दिले. कंपनीच्या आजारी नोकरांना थंड हवेचा लाभ व्हावा म्हणून हा डोंगर स्नेहापोटी देत आहोत, एवढाच त्याचा आशय. पुढे १८४१ पासून राजाला सालिना तीन हजार रुपये मिळू लागले. १८४६ पासून ती रक्कम सहा हजार झाली. दस्तऐवज वाचण्यातच माझी नोकरी गेली आहे. परंतु इतक्या थोड्या शब्दांचे इतके दूरवर परिणाम झालेले मी क्वचितच पाहिले.

१८३९ मध्ये डॉ. कॅम्पबेल तेथील कारभार पाहू लागला. रुग्णांना घरे हवीत, घरांसाठी रस्ते हवेत आणि रस्त्यांसाठी मजूर हवेत. शंभराच्या आसपास असलेली वस्ती दहा वर्षांत दहा हजारांवर गेली. तीत सिक्कीममधून पळून आलेले गुलामही होते. ते परत मिळावेत, असा दरबाराचा आग्रह होता आणि कंपनीचा त्याला नकार होता. त्या पळून आलेल्यांना तेथे मोकळा श्वास घेता आला, हेही नमूद केले पाहिजे. तेढ वाढत गेली. नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीममध्ये प्रवास करणारे कॅम्पबेल व वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना अटक झाली. डिसेंबरात दोघे सुटले. पण १८५० मध्ये कंपनीने राजाचे वर्षासन थांबवून सिक्कीमचा सुमारे ६४० चौरस मैलांचा मुलूख खालसा केला. रुग्णांसाठी मागितलेल्या डोंगरापायी राजाने तराईही गमावली.

१८८१ मध्ये आगगाडी वर पोहोचली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाख अठरा हजारांवर होती. लॉइडला भावलेली शांतता आता तेथे शोधावी लागते. येथे आधी कोणाचा हक्क आहे आणि आपल्यामागून किती जण येणार आहेत, हे दोन प्रश्न त्या दानपत्राच्या वेळी कोणी विचारले असते, तर डोंगराचा व राज्याचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. हवापालटाला निघताना आपणही ते विचारून पाहावेत.