थोरल्याच्या हाडात धाकटा

कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेची गर्दी ओसरली होती. लातूर-नांदेडकडून पायी आलेल्या दिंड्या परत फिरल्या होत्या, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी झाडलोट चालली होती, आणि पावसाळ्यात बालाघाटच्या कड्यावरून धो-धो कोसळणारी धार आता दोरीएवढी झाली होती. पायऱ्यांवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे धरले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात तंबाखूऐवजी रिपोर्टांची चळत. मी चष्मेवाला दिसलो, तेवढं पुरलं.

दोन्ही कागदांवर नाव एकच, त्याच्या थोरल्या मुलाचं. एकावर रक्तगट बी, दुसऱ्यावर ओ.

"लॅबवाल्यानं घोटाळा केला का हो? थोरल्याला ब्लड कॅन्सर झाल्ता. मुंबईला नेलं, टाटाला. धाकट्याची मज्जा काढून त्याला बसविली. पाठीतून काढली म्हणं. आता थोरला बरा हाय. पण ह्या धाकट्याला जड उचलू द्यावं का न्हाई?"

धाकटा त्या वेळी पाण्याचे दोन भरलेले कॅन घेऊन पायऱ्या चढत होता.

म्हाताऱ्याचे प्रश्न दोन होते. धाकट्याच्या पाठीची काळजी एका शब्दाने लावली होती. रक्तगटाच्या घोळामागे मात्र ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

आधी शब्द. 'मज्जा' आपल्याकडे फार जुनी. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत ती सहावी: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. हाडाच्या पोकळीतला स्निग्ध गर, असा तिचा साधा अर्थ. मटण खाणाऱ्या घरांत हीच वस्तू ताटात नळी म्हणून येते आणि तिच्यासाठी पोरांची भांडणं होतात. पण मराठी पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी हाच शब्द मेंदूच्या कारभारालाही देऊन टाकला. मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला 'मज्जा काढली' म्हटलं की पाठीच्या कण्यातली दोरी दिसते आणि पाठोपाठ लुळा पडलेला मुलगा. ('मजा'ला जोर द्यायचा तर आपण 'मज्जा' म्हणतो, ते आणखी वेगळं.) डॉक्टर 'बोन मॅरो' म्हणतात तेव्हा निदान ही भीती तरी वाटत नाही. अस्थिमज्जेचा आणि पाठीच्या कण्यातल्या दोरीचा काही संबंध नाही. दात्याला भूल देऊन, पालथं झोपवून, कंबरेच्या हाडाच्या मागच्या कंगोऱ्यात सुया टोचून लालभडक, दाटसर रक्तासारखा द्रव ओढून घेतात. प्रौढ माणसाचा साधारण लिटरभर. चार-आठ दिवस कंबर ठणकते, काही आठवड्यांत झीज भरून येते.

सप्तधातूंची रांग पाहिली तर रक्त आधी आणि मज्जा नंतर. आधुनिक वैद्यकाने ही रांग उलटी केली. १८६८ मध्ये कोनिग्जबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवलं की रक्तपेशी मज्जेतच तयार होतात. रक्ताचा कॅन्सर हा मुळात रक्ताचा नसून रक्ताच्या कारखान्याचा बिघाड आहे, हे त्यातूनच पुढे उमगलं. कारखाना बिघडला तर दुसऱ्याचा आणावा, ही कल्पना सुचायला उशीर लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही डॉक्टरांनी रोग्यांना जनावराची मज्जा चक्क खायला घालून पाहिली. उपयोग अर्थातच शून्य. नळी चोखून रक्त सुधारत असतं तर मराठवाड्यात पंडुरोगी सापडला नसता.

खरी सुरुवात हिरोशिमापासून झाली. अणुबाँबच्या किरणांतून जे लगेच मेले नाहीत, त्यांतले कित्येक काही आठवड्यांनी रक्त आटून गेले. किरणं मज्जा जाळतात, हे तिथे माणसांवर दिसलं. पुढचं युद्ध अणूचं होणार या धास्तीने सरकारांनी किरणोत्सर्गाच्या संशोधनावर पैसा ओतला. कॅन्सर बरा करायला नव्हे, सैनिक वाचवायला. कुळकथा सांगताना कुळातलं हे काळंबेरं लपवू नये.

१९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांवर मारक किरण सोडले, पण त्यांची प्लीहा शिशाच्या आडोशाला ठेवली. उंदीर जगले. १९५१ मध्ये एगन लॉरेंझ यांना दिसलं की प्लीहा झाकण्याचीही गरज नाही. दुसऱ्या उंदराची मज्जा शिरेतून सोडली तरी भागतं. आता वाद पेटला. मज्जेतलं काय वाचवतं? काहींचं मत असं की तिच्यात एखादा रस असावा, जो जळालेल्या मज्जेला पुन्हा जागं करतो. दुसरे म्हणत, पेशीच जाऊन मुक्काम करतात. १९५६ मध्ये इंग्लंडातल्या हार्वेलच्या चमूने निकाल लावला. त्यांनी दात्या उंदरांची अशी जात निवडली, जिचं एक गुणसूत्र ओळखू येण्याइतकं वेगळं होतं. वाचलेल्या उंदरांच्या हाडांत पाहिलं, तर ते खुणेचं गुणसूत्र तिथे वस्तीला होतं. जुना कारखाना दुरुस्त झालाच नव्हता, नव्या मालकाने आपला थाटला होता. अशा दुहेरी प्राण्याला त्यांनी ग्रीक पुराणातल्या कायमेरा या राक्षसिणीचं नाव दिलं: सिंहाचं तोंड, बकरीचं धड, सापाची शेपटी. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, तसलाच प्रकार.

'रोपण' हा शब्दही इथे फसवतो. कापाकापी नाही, टाके नाहीत. रोग्याच्या खाटेशेजारी स्टँडला पिशवी टांगतात आणि ती रक्तासारखी शिरेतून आत जाते. पेशींना कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. त्या रक्ताबरोबर हिंडतात आणि हाडाची पोकळी शोधून तिथे उतरतात. नव्या बिऱ्हाडाचा धूर, म्हणजे नव्या पेशी, रक्तात दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोग्याला प्रतिकारशक्ती नसते. साधं पडसंही जीव घेऊ शकतं.

हार्वेलच्याच मंडळींनी १९५६ मध्ये रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर हा प्रयोग केला आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. किरणांनंतर आपल्याच जातीच्या उंदराची मज्जा दिली, तर कॅन्सर परत यायचा. परक्या जातीची दिली, तर कॅन्सर जायचा, पण उंदीर वेगळ्याच दुखण्याने झिजून मरायचे. परकी मज्जा कॅन्सरला मारत होती आणि धन्यालाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण हेच. त्याचा पुरता अर्थ लागायला मात्र वीसेक वर्षं गेली.

मधली वर्षं मरणांची आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावी ई. डॉनल थॉमस यांनी माणसांवर प्रयोग केले आणि १९५७ मध्ये सहा रोग्यांचा अहवाल छापला. शंभर दिवसांपलीकडे कुणी जगलं नाही. १९५९ मध्ये त्यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या रोग्यांना एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती रुजली, पण कॅन्सर काही महिन्यांत परतला. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा जॉर्ज माते यांनी पॅरिसमध्ये शास्त्रज्ञांना परक्यांची मज्जा दिली. जगात प्रथमच अशी बातमी गाजली. पुढच्या दहा वर्षांत डॉक्टर एकेक करून हे काम सोडून गेले. १९७० मध्ये कुणीतरी सुमारे दोनशे प्रयत्नांचा हिशेब मांडला, तर टिकलेले रोगी बोटांवर मोजण्याइतके निघाले. थॉमस मात्र कुत्र्यांकडे वळले. कुत्र्यांच्या एकाच वेतातल्या पिल्लांत पेशींच्या खुणा जुळवून मज्जा दिली तर ती टिकते, हे त्यांच्या चमूने दाखवलं. माणसातल्या या खुणा, ज्यांना आज एचएलए म्हणतात, पॅरिसचे जाँ दोसे यांनी १९५८ पासून उलगडायला घेतल्या होत्या. इथे रक्तगटाला फारसा मान नाही. सख्ख्या भावंडाशी या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक. आईबापांशी साधारण निम्म्याच जुळतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत असल्याने, एरवी सापडला नसता असा जुळणारा दाता कधी कधी चुलत-मामेभावंडांतही निघतो. रूढीचा हा फायदा तिच्या टीकाकारांनी आणि कैवाऱ्यांनी, दोघांनीही धरलेला नाही.

१९७७ मध्ये थॉमस यांनी सिअॅटलहून शंभर रोग्यांचा अहवाल दिला. सगळे औषधांना न जुमानणारे, शेवटच्या टप्प्यातले. त्यांतले तेरा जण कॅन्सरशिवाय जगले. आज हा आकडा वाचून कुणी टाळी वाजवणार नाही, पण आधी तो शून्याच्या आसपास होता. पुढे रोग दबलेला असतानाच रोपण करायचं ठरलं आणि आकडे भराभर सुधारले. १९७९ मध्ये त्याच सिअॅटलने दाखवलं की ज्यांना परक्या पेशींचा त्रास होतो, त्यांचा कॅन्सर कमी वेळा उलटतो. हार्वेलच्या उंदरांचं कोडं सुटलं. जुळ्याची मज्जा शांतपणे नांदते, पण कॅन्सरलाही आपलाच समजून सोडून देते. मज्जा जुळणारी हवी, तरी थोडी परकीही हवी. थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं.

सिअॅटलला थॉमस यांच्याकडे शिकून मुंबईला परतलेल्यांत डॉ. सुरेश अडवानी होते. लहानपणी पोलिओ झालेले, चाकांच्या खुर्चीत बसून वॉर्डात फिरणारे डॉक्टर. मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा रुग्णालयात त्यांच्या चमूने नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. तिला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होता. भारतातलं ते पहिलं मज्जारोपण. परळचा गजबजाट, जून-जुलैची बुरशी, दादर-परळच्या फुटपाथवर आणि धर्मशाळांत पथारी टाकलेले नातेवाईक, या सगळ्यातून एक जंतुविरहित खोली उभी करायची आणि ती टिकवायची, हे सिअॅटलच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. वेल्लोरनेही १९८६ मध्ये असा विभाग सुरू केला. टाटाचा रोपणविभाग पुढे नवी मुंबईत खारघरला हलला. बीडच्या माणसाला मात्र अजून सगळं 'टाटा'च असतं.

गंमत अशी की आता 'मज्जा' हा शब्दही पुष्कळदा नावापुरता उरला आहे. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन त्याच्या मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात आणतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राने गाळून घेतात. सुई हाडाला शिवतही नाही. निम्म्या जुळणीवरही रोपण होतं, त्यामुळे आई किंवा बाप दाता होऊ शकतात. ल्युकेमियाच्या एका प्रकारात तर २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि बहुतेकांना रोपणाची गरजच उरली नाही.

हे सगळं मी त्या पायऱ्यांवर सांगितलं नाही, एवढा मी क्रूर नाही. लॅब बरोबर आहे, इतकंच म्हणालो. थोरल्याच्या हाडात आता धाकट्याचा कारखाना चालतो, म्हणून रक्तगट धाकट्याचा. आणि धाकट्याची पाठ शाबूत आहे, पोती उचलू द्या.

म्हाताऱ्याने दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि घडी घालून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. धाकटा कॅन खाली ठेवून ऐकत होता.

"मंजी दादाच्या अंगात आता माझं रगत हाय?"

"हो."

त्याने उरलेला तिसरा, रिकामा कॅन उचलला आणि पायऱ्यांच्या खाली सावलीत बसलेल्या थोरल्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. "ऊठ दादा. ह्यो तुझा."

थोरला उठला आणि धारेकडे निघाला.