दंडावरची पट्टी

'आदर्श' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. महाविद्यालयाच्या भिंतीवर तसबीर लावली, जयंतीला हार घातला, की आदर्श तरुणांपर्यंत पोहोचला असे आपण मानतो. ज्येष्ठांपासून कनिष्ठांकडे नेमके काय जाते आणि कसे जाते, हे पाहायचे असेल तर ए. सी. मिलान या इटालियन फुटबॉल क्लबच्या कर्णधारांचा इतिहास वाचावा. या क्लबने १९६३ मध्ये वारेझे प्रांतातील कार्नागो येथे 'मिलानेल्लो' हे सराव-केंद्र उभारले. मुख्य संघ जिथे घाम गाळी, त्याच आवारात कुमार खेळाडूंचाही वावर असे. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या शिष्याला जे लाभते, तशातलेच हे काही होते.

त्याच वर्षी चेझारे माल्दिनी यांच्या नेतृत्वाखाली मिलानने वेम्ब्लीवर बेन्फिकाला २-१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. इटालियन क्लबला मिळालेला तो पहिलाच. माल्दिनींपूर्वीचे कर्णधार स्वीडनचे नील्स लीडहोल्म. हे लीडहोल्म पुढे प्रशिक्षक म्हणून परतले आणि या कथेतल्या दोन्ही नायकांना त्यांनीच प्रथम मैदानात उतरवले.

पहिला नायक फ्रांको बारेझी. जन्म १९६०, ब्रेशाजवळच्या त्रावालियातो गावी. थोरला भाऊ ज्युझेप्पे याला इंटर मिलानने घेतले. हा अंगाने किरकोळ म्हणून नाकारला गेला आणि १९७४ मध्ये शेजारच्या प्रतिस्पर्धी क्लबात दाखल झाला. किशोरवयातच आईवडील गेले. मिलानमध्ये त्याला 'पिशिनिन' म्हणत. स्थानिक बोलीत 'छोटू'. १९७८ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पहिला सामना खेळला. तेव्हा कर्णधार होते जान्नी रिव्हेरा. त्यांच्या शेवटच्या हंगामात, १९७८-७९ मध्ये, मिलानने दहावे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. एकोणीस वर्षांच्या पोराला याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

पण पुढच्याच वर्षी त्याच शाळेने दुसरा धडा दिला. १९८० च्या मार्चमध्ये सट्टेबाजीचे प्रकरण फुटले. क्लबचे अध्यक्ष फेलिचे कोलोम्बो आणि गोलरक्षक एन्रिको आल्बेर्तोझी त्यात अडकले. आल्बेर्तोझी म्हणजे १९७० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला माणूस. कुमार खेळाडूंनी ज्याच्याकडे मान वर करून पाहावे असा. मिलानची दुसऱ्या श्रेणीत हकालपट्टी झाली. संघ लगेच वर आला खरा, पण १९८२ मध्ये पुन्हा खाली घसरला, आणि या वेळी कोणत्याही घोटाळ्यामुळे नव्हे, केवळ वाईट खेळामुळे. बचावफळीतला सहकारी फुल्व्हिओ कोलोव्हाती इंटरकडे गेला. बारेझी थांबला. बाविसाव्या वर्षी कर्णधाराची पट्टी त्याच्या दंडावर आली ती अशी, दुसऱ्या श्रेणीच्या हंगामात.

त्याच्या निर्णयामागे निष्ठा किती आणि स्वभावतःच असलेले मौन किती, हे सांगणे अवघड आहे. तो बोलका कधीच नव्हता. म्हणूनच त्याचे नेतृत्व अभ्यासण्याजोगे वाटते. १९८७ मध्ये आर्रिगो साक्की प्रशिक्षक झाले. स्वतः व्यावसायिक फुटबॉल न खेळलेला हा गृहस्थ. त्यांनी बारेझीला पार्मामधल्या सिन्योरिनी या फारशा ख्यातनाम नसलेल्या बचावपटूच्या खेळाच्या चित्रफिती दाखवल्या, असे सांगतात. कर्णधाराला असे विद्यार्थ्यासारखे बसवणे म्हणजे अपमानच. पण तो बसला आणि शिकला. कुमार संघातून आलेल्या पाओलो माल्दिनी आणि अलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता यांनी जवळून पाहिला तो हा कर्णधार. त्यांच्यासह मावरो तास्सोत्ती धरून झालेल्या बचावफळीच्या बळावर मिलानने १९९३-९४ च्या हंगामात ३४ सामन्यांत अवघे १५ गोल दिले.

पाओलो हा चेझारेंचा मुलगा. २० जानेवारी १९८५ रोजी उदिने येथे, सोळाव्या वर्षी, लीडहोल्म यांनी त्याला मैदानात पाठवले. आडनावाचे ओझे त्याच्यावर होतेच. वशिल्याची कुजबुजही असणारच. त्याला बापाचा वारसा मिळाला हे खरे, पण तो पेलण्याची तालीम बारेझीच्या शेजारी उभे राहून मिळाली, असे आमचे मत आहे. १९९७ मध्ये बारेझी निवृत्त झाला, सहा क्रमांकाचा सदरा क्लबने कायमचा बाजूला ठेवला आणि पट्टी पाओलोकडे आली. २००३ मध्ये मँचेस्टरला, वडिलांनंतर चाळीस वर्षांनी आणि पुन्हा इंग्लंडच्याच भूमीवर, त्याने तोच चषक उचलला. मिलानसाठी एकूण ९०२ सामने.

आणि तरीही २४ मे २००९ रोजी, घरच्या मैदानावरील त्याच्या अखेरच्या सामन्यात, कट्टर पाठीराख्यांच्या एका गटाने शिट्ट्या मारल्या. कर्णधार एकच, बारेझी, असे फलक झळकवले. त्या गटाची मर्जी पाओलोने कधी राखली नव्हती, त्याचा हा हिशेब. एका आदर्शाला दुसऱ्याविरुद्ध हत्यारासारखे वापरण्याची ही रीत आपल्याकडच्या अनुयायांनाही अपरिचित नाही! असो. पुढच्याच आठवड्यात फ्लॉरेन्समध्ये परक्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

नंतर साखळी विरली. २०१७ मध्ये युव्हेंटसहून आलेल्या लिओनार्दो बोनुच्चीला येताक्षणीच कर्णधार केले गेले. वर्षभरात तो परतलाही. याच क्लबच्या कुमार संघात घडलेला, २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी पहिला सामना खेळलेला गोलरक्षक जानलुइजी दोन्नारुम्मा २०२१ मध्ये करार संपताच निघून गेला, आणि मिलानला त्याचा एक छदामही मिळाला नाही. तेव्हा क्लबचे तांत्रिक संचालक होते खुद्द पाओलो माल्दिनी. पंचवीस वर्षे एकाच क्लबसाठी खेळलेला माणूस समोर बसला असतानाही मुलगा थांबला नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. पण १९८२ च्या बारेझीपुढे आजचा बाजार नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते. दोन वर्षांनी, २०२३ च्या जूनमध्ये, क्लबने माल्दिनींनाच पदावरून दूर केले.

पाओलोचा मुलगा दानिएल याच क्लबात वाढला, २०२० मध्ये मुख्य संघात आला, पण तिथे स्थिरावला नाही, मोन्झाकडे गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो इटलीकडून पहिला सामना खेळला. माल्दिनी घराण्यातला तिसरा. सामना उदिनेला होता.