संगणकांचें बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांवर कधीं ना कधीं आला असेल. खाट, कपाट, भांडींकुंडीं नव्या घरीं सुखरूप पोहोंचतात. पण कोनाड्यांत ठेवलेली एखादी किल्ली जुन्या घरींच राहते, आणि तिची आठवण होते ती पेटी उघडण्याच्या वेळीं. संगणकांच्या बिऱ्हाडाची अशीच एक हकीकत आज मी सांगणार आहें.

१९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीस स्थापन झाला, आणि पुढें चिंचवड, भोसरी, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. तेथील कामगारांच्या मुलांच्या एका शाळेंत मी मास्तर होतों. आमचे दहा संगणक तारांनीं एकमेकांस जोडलेले होते. संगणक म्हणजे नुसतें यंत्र. त्याच्याकडून काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आमची प्रणाली विंडोज ९८ ही होती. तिच्यांतील दोष दुरुस्त करून देणें मायक्रोसॉफ्टनें ११ जुलै २००६ रोजीं थांबविलें, म्हणून त्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं सर्वत्र विंडोज एक्सपी बसविली. कार्यालयांतील सर्वांत जुना संगणक हा भार सोसणारा नव्हता. त्यांतील कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घेऊन तो भंगारांत देण्यास संमति दिली ती मींच.

पुढच्या जूनमध्यें एक माजी विद्यार्थी जन्मतारखेचा दाखला मागावयास आला. त्याला कारखान्यांत काम मिळत होतें व तीन दिवसांत दाखला हजर करावयाचा होता. आम्हीं त्याच्या वर्षाची यादी उघडली, तों पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं! रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि चौकोन यांची नुसती खिचडी. यादी होती, त्या मुलाचें नांवही तिच्यांत होतें. पण वाचणार कोण?

कारण असें. संगणक अक्षरें जाणत नाहीं, आंकडे जाणतो. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत मराठी आकार रोमन अक्षरांच्या आंकड्यांवर बसविलेले असत, आणि प्रत्येक फाँटाची बैठक निराळी. तो फाँट यंत्रावर असेल तोंवर मराठी दिसे. नसेल तर खालचें रोमन उघडें पडे. आमचा फाँट भंगारांत गेला होता. वस्तुतः उपाय आधींच निघाला होता. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅकनें भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें मोठें काम केलें. १९९१ सालीं इस्की हें भारतीय मानक ठरलें. त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडांत, इस्कीच्या आधींच्या आराखड्यावरून, देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या; विंडोज २००० पासून तें युनिकोडी मराठी त्या प्रणालींतही आलें. नवें घर तयार होतें. आमचें सामान मात्र जुन्या गांठी मारून बांधलेलें होतें.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं. पेशवे दप्तराचे मोडी कागद पुण्यांत शाबूत होते, पण मोडी न जाणणारास ते मुकेच. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागद बालबोधींत, पंचेचाळीस भागांत छापले गेले, तेव्हां ते सामान्य वाचकाशीं बोलूं लागले. पुढें शाळांतून मोडी गेली. आज कित्येकांच्या घरीं आजोबांच्या पेटींत कागद आहेत आणि वाचणारा नाहीं. कित्येक वर्षांत मोडीचें जें झालें, तें आमच्या यादीचें आठ महिन्यांत झालें.

मग जुन्या घरींच राहावें काय? तेंही नाहीं. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाची खंडणीखोर आज्ञावली पसरूं लागली व दीडशें देशांतील संगणकांत शिरली; इंग्लंडांतील इस्पितळांचीं कामें खोळंबलीं. ज्या भोंकांतून ती शिरली त्याची दुरुस्ती मार्चमध्येंच निघाली होती. ज्यांनीं ती लावली नव्हती ते सांपडले. जाळ्यांतील एका यंत्राचें दार उघडें राहिलें कीं शेजारचींही धोक्यांत येतात.

आमच्या पट्ट्यांत पेंच याहून बिकट. कारखान्यांतील सीएनसी यंत्र वीस-पंचवीस वर्षें चालतें. त्याला हुकूम देणाऱ्या संगणकाची प्रणाली दहा वर्षांत म्हातारी होते, आणि नव्या प्रणालीस त्या यंत्राची भाषा पुष्कळदां येत नाहीं. अशा संगणकास जाळ्यापासून तोडून एकटें ठेवावें लागतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चीही नेहमींची दुरुस्ती थांबली. म्हणजे पुनः अनेक बिऱ्हाडें हलावयाचीं.

हलणारांस माझें सांगणें एवढेंच. आधीं यादी करा : कोणता कागद कोणत्या फाँटांत, कोणतें काम कोणत्या आज्ञावलीवर. एकाच संगणकावर प्रयोग करून पाहा. जुने मराठी कागद युनिकोडांत उतरवा आणि मुळाशीं ओळ न् ओळ ताडा. तोंवर जुना संगणक, तार काढून, कोपऱ्यांत राहूं द्या.

त्या मुलाचा दाखला तिसऱ्या दिवशीं निघाला, तो आमच्या वृद्ध कारकुनांनीं, कोणी सांगितलें नसतांही, हातानें लिहीत ठेवलेल्या जनरल रजिस्टरांतून. त्यांचे उपकार मी विसरलों नाहीं. घर सोडणारा शहाणा माणूस कुलूप लावण्यापूर्वीं रिकाम्या खोल्यांतून एकदां फिरून येतो. ती फेरी मीं घातली नव्हती, आपण घालावी.