‘पांढरी सूज’ : रोगवर्गीकरणाच्या इतिहासातील एक संज्ञा

रोगाला नाव देणे आणि रोगाची नोंद करणे या दोन क्रिया एकच होत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. नाव हे वैद्य व रुग्ण यांच्या नित्य व्यवहारातून निर्माण होते. ते केवळ बाह्य लक्षणावर बेतलेले असले तरी व्यवहार अडत नाही. नोंद मात्र मोजणीसाठी असते, आणि एका पदाखाली एकाच जातीच्या गोष्टी याव्यात ही मोजणीची पहिली अट होय. या दोन प्रयोजनांतील विरोध कसा उद्भवला व तो कितपत मिटला, हे गुडघ्याच्या सुजेसंबंधीच्या एका संज्ञेवरून स्पष्ट होते.

लक्षणावरून नाव देण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वात व रक्त यांच्या दुष्टीमुळे गुडघ्यात उत्पन्न होणाऱ्या अतिवेदनायुक्त सुजेला ‘क्रोष्टुकशीर्ष’ म्हटले आहे. कोल्ह्याच्या डोक्याशी असलेले आकारसाम्य हा या नावाचा आधार. या परंपरेशी काहीही संबंध नसलेल्या इंग्लंडमध्ये शल्यवैद्य रिचर्ड वाइझमन याने इ. स. १६७६ च्या आपल्या ग्रंथात सांध्याच्या एका चिवट सुजेचे वर्णन केले. तिचे लॅटिन नाव ‘ट्यूमर आल्बस’, म्हणजे ‘पांढरी सूज’. सांधा फुगतो, परंतु त्वचेवर लाली येत नाही, एवढेच हे नाव सांगते. एका नावाने आकार टिपला, दुसऱ्याने रंग. सुश्रुताने कारण सांगितले आहे खरे, परंतु ते व्याख्येत, नावात नव्हे.

अठराव्या शतकात वनस्पतींप्रमाणे रोगांचेही वर्ग, गण व जाती ठरविण्याचा प्रयत्न झाला. फ्रान्समधील सोव्हाज याचा ग्रंथ इ. स. १७६३ मध्ये पूर्णरूपात प्रसिद्ध झाला, तर एडिंबरोच्या विल्यम कलन याने इ. स. १७६९ मध्ये सर्व रोग चार वर्गांत मांडले. कलनने पांढऱ्या सुजेला ‘स्थानिक रोग’ या वर्गात स्थान दिले आणि तिची व्याख्या मुख्यतः गुडघ्यावरून केली : त्वचेच्याच रंगाची, फार दुखणारी, हालचाल कमी करणारी सूज. व्याख्या नेटकी आहे; पण ती बाह्य लक्षणांचीच आहे. इ. स. १८१८ मध्ये लंडनच्या बेंजामिन ब्रॉडी याने सांध्याच्या आवरणाचे, कूर्चेचे व हाडाचे विकार पृथक् करून दाखविले. त्यामुळे एका नावाखाली अनेक रोग एकत्र झाले होते, हे उघड झाले. तथापि नाव टिकून राहिले.

याच काळात नोंदीची गरज शासनाला भासू लागली. इंग्लंड व वेल्समध्ये इ. स. १८३७ पासून मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. तेथील सांख्यिकीकार विल्यम फार याने इ. स. १८३९ च्या पहिल्या अहवालातच असे प्रतिपादन केले की, भौतिक शास्त्रांत वजनमापांना जे महत्त्व, तेच या अभ्यासात संज्ञांना आहे. ब्रुसेल्स येथील इ. स. १८५३ च्या सांख्यिकी परिषदेने समान यादीचे काम फार व जिनीव्हाचा मार्क देस्पिन यांच्याकडे सोपविले, इ. स. १८५५ मध्ये पॅरिस येथे १३९ पदांची तडजोडीची यादी स्वीकारली गेली. पुढे इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथे जाक बर्तियों याची यादी मान्य झाली, व तिच्यापासूनच आजची आंतरराष्ट्रीय परंपरा सुरू होते.

दरम्यान इ. स. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. या शोधाचा परिणाम यादीवर कसा झाला, हे इ. स. १९०९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दिसते. तेथे ‘पांढरी सूज’ हे पद ३३ व्या क्रमांकावर, क्षयरोगाच्या पदांमध्ये आहे. नाव रंग सांगते, स्थान कारण सांगते. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने पाहिलेले लक्षण लिहिले, तरी गणनेत ते क्षयात जमा होण्याची व्यवस्था येथे सिद्ध झाली. ब्रॉडीने केलेला भेद अशा रीतीने एका अंकाखाली झाकला गेला.

या याद्यांची दुसरी मर्यादा अशी की, त्या केवळ मृत्यूंच्या होत्या. गुडघ्याची सूज बहुधा मारीत नाही. ती माणसाला पंगू करते. अशा रुग्णाला मृत्यूच्या यादीत जागाच नव्हती. इस्पितळांतील रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने व्हावी, अशी सूचना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी इ. स. १८६० च्या लंडन परिषदेपुढे मांडली होती. परंतु जिवंत माणसांचे आजार आंतरराष्ट्रीय यादीत समाविष्ट झाले ते इ. स. १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहाव्या आवृत्तीत.

इ. स. १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत जुन्या संज्ञेचे विघटन पूर्ण झालेले दिसते. सांध्यातील द्रवसंचय ‘एम २५.४’ मध्ये, गुडघ्याची झीज ‘एम १७’ मध्ये, हाडे व सांधे यांचा क्षय ‘ए १८.०’ मध्ये, आणि पायावरील नुसती स्थानिक सूज ‘आर २२.४’ मध्ये जाते. शेवटचा संकेत विशेष लक्षणीय आहे. कारण निश्चित झालेले नाही, एवढेच सांगण्यासाठी तेथे स्वतंत्र जागा ठेवली आहे. अमेरिकेत इ. स. २०१५ पासून प्रचलित असलेल्या रूपात गुडघा उजवा की डावा हेही अंकाने दर्शवावे लागते : ‘एम २५.४६१’ उजवा, ‘एम २५.४६२’ डावा. रुग्णाच्या वैद्यकीय नोंदींत बाजू कोठेच लिहिलेली नसेल, तर संकेत देणाऱ्याला ‘अनिर्दिष्ट’ हे पद घ्यावे लागते. कारण लिहिले नसेल, तर ते त्याने तर्काने भरावयाचे नसते.

तरीही मूळ अडचण पूर्णतः नाहीशी झालेली नाही. याच अमेरिकी रूपाच्या सूचीत ‘सांध्याची सूज’ शोधणाऱ्यास ‘सांध्यातील द्रवसंचय’ पाहण्यास सांगितले जाते. म्हणजे डोळ्यांना दिसलेली गोष्ट पुन्हा एकदा आतील स्थितीच्या पदाखाली नोंदविली जाते. इ. स. १९०९ मधील पांढऱ्या सुजेची व्यवस्था याहून तत्त्वतः निराळी नव्हती. चुकीची व्याप्ती मात्र आता पुष्कळच लहान झाली आहे.

यावरून असे दिसते की, लक्षणवाचक पद हे वर्गीकरणातील वैगुण्य नसून त्याची गरज आहे. जेथे असे पद नसते किंवा वापरले जात नाही, तेथे अज्ञान नाहीसे होत नाही; ते कारणवाचक पदात मिसळून जाते आणि आकड्यांतून पुन्हा वेगळे काढता येत नाही. म्हणून जुन्या तक्त्यांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने आकड्यापूर्वी पद पाहिले पाहिजे, आणि त्या पदाखाली दिसलेली सूज मोजली की ठरविलेला रोग मोजला, हे प्रथम निश्चित केले पाहिजे.