वेळ आणि विवेक

भगिनींनो, भरतीची वेळ चुकली की मचवा खाडीच्या गाळात बसतो, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला सांगावयास नको. गर्भाच्या आनुवंशिक तपासणीचेही तसेच आहे. तपासणी काय सांगते याइतकेच ती कितव्या आठवड्यात सांगते, यावर स्त्रीपुढील पेच ठरतो. गेल्या अर्धशतकाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.

१९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. १२ आठवड्यांपर्यंत एका आणि पुढे २० आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत त्याने आवश्यक ठरविले. त्याच दशकात गर्भजल तपासणी आपल्या देशात आली. व्यंग ओळखण्याचे हे साधन लवकरच मुलगी ओळखून ती नाहीशी करण्याच्या कामी लागले. मुंबईच्या स्त्रीसंघटनांनी लढा दिला आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. लवकर कळले म्हणजे हितच झाले असे नव्हे, हा त्यातील धडा.

उशिरा कळण्याचे दुःख २००८ साली दिसले. मुंबईच्या एका दांपत्यास गर्भाच्या हृदयातील दोष कळला, तो २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास आठवड्यांची अट काढली. अट गेली, पण मूल पोटात हालू लागल्यावर निर्णय घेणाऱ्या आईचे मन कोणत्या दुरुस्तीने हलके होणार?

थॅलेसेमियाचेच पाहा. आईबाप दोघेही वाहक, परंतु धडधाकट. तरी प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. वाहकपणा रक्ताच्या तपासणीत कळतो. दिवस गेल्याबरोबर दोघांचे रक्त तपासले, तर १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश तपासून गर्भाविषयी कळू शकते. पाचव्या महिन्यात नाव नोंदविणारीला ही सवड कोठली? त्यातून मुरुड-श्रीवर्धनहून मुंबई गाठावयाची म्हणजे एकेक आठवडा हां हां म्हणता जातो.

मग लग्नाआधीच तपासावे काय? अवश्य, पण मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही, आणि अहवाल त्या दोघांच्याच हाती द्यावा. एकट्या मुलीचे रक्त तपासून साखरपुडा मोडणे म्हणजे मंगळाच्या पत्रिकेचा नवा अवतार होय. वाहक म्हणजे रोगी नव्हे.

निर्णय काय घ्यावा हे आपण कोणा सुनेला सांगू नये. तो तिचा. मात्र विचार करण्यापुरती सवड तिला मिळवून देणे आपल्या हाती आहे. येत्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर प्रत्येकीला एवढेच सांगू या : दिवस राहिल्याचे कळताच दवाखान्यात जा, आणि नवऱ्यालाही बरोबर ने.