स्थानपोथी : प्रवाशाविना प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकात शोधण्याची प्रथा वाङ्मयेतिहासात रूढ आहे. १८५७ च्या धामधुमीतील अनुभव सांगणारा गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अनुभव घेणारा ‘मी’ हाच या प्रकाराचा निकष मानला गेला. या निकषामुळे मुनिव्यास कोठी या महानुभाव साधूची चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ चर्चेबाहेर राहिली.

तिची प्रेरणा समजण्यासाठी पंथाचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. चक्रधरस्वामींच्या लीला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त संकलित केल्या. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर नागदेवाचार्यांनी ऋद्धिपूर सोडले व बीड परिसरातील निंबा येथे वास्तव्य केले. स्वामींना पाहिलेली पिढी मावळू लागली, तशी लीलेची स्मृती स्थळाशी बांधण्याची निकड वाढली. कोणत्या देवळात अवस्थान झाले, आसन कोठे होते, दार कोणत्या दिशेस होते, हे सांगणारा माणूस उरणार नव्हता. म्हणून ते पोथीत आले.

‘स्थानपोथी’चे गद्य त्यामुळे दिशा, दार, पटांगण यांच्या नोंदींनी चालते. त्यात वाटेतील कष्ट नाहीत, विस्मय नाही, निवेदकही जवळजवळ नाही. १७०४ मध्ये जेरुसलेमची यात्रा करून तिचा वृत्तांत लिहिणारा सर्बियन भिक्षू येरोतेय राचानिन तेथील आरंभीच्या प्रवासलेखकांत गणला जातो. त्याच्या वृत्तांताच्या केंद्रस्थानी यात्रा करणारा आहे. मुनिव्यासांच्या पोथीत चालणारा स्वतःला पुसून टाकतो. हे पुसणे उणेपण नव्हे. जेथे पूज्यता चक्रधरांच्या पदस्पर्शाची आहे, तेथे लेखकाने मध्ये उभे राहणे अप्रस्तुत ठरते. पुढील वाचक हाच खरा यात्रिक. पोथी हाती घेऊन त्याने त्या ओट्यापाशी जाऊन नमन करावयाचे आहे.

नामशेष झालेल्या देवळांचा पुरावा म्हणून या ग्रंथाचे मोल इतिहाससंशोधकांना वाटते, पंथीयांना तो वंदनाचा आधार वाटतो. वाङ्मयसमीक्षेने मात्र त्याला साधन मानले, रचना मानले नाही. ‘मी’ची अट सैल केली, तर मराठी प्रवासगद्याचा इतिहास सुमारे पाच शतके मागे सरकतो, शिवाय प्रवासवर्णन म्हणजे आत्मकथनाचीच एक शाखा, हे गृहीतकही तपासावे लागते.