एका बाहुलीची वंशावळ

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी एक लहानसे उत्खननच असते. गेल्या वर्षी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली उतरली आणि तिच्या तळाशी माझ्या आईची ठकी निघाली. सावंतवाडीकडची, लाकडाची. हात अंगाला चिकटलेले, लुगडे रंगाने काढलेले, डोळे मात्र टपोरे. माझ्या सहा वर्षांच्या नातीने ती उलटसुलट करून पाहिली आणि तिच्या शेजारी आपली बाहुली उभी केली. ही बाहुली मीच तिला जत्रेतून आणून दिली होती. खोक्यावर कंपनीचे धड नावही नव्हते. वीतभर उंची, करंगळीएवढी कंबर, टाचा कायमच्या उचललेल्या. पोरीने दोघींकडे बराच वेळ पाहिले, मग आपला फ्रॉक पोटाशी घट्ट आवळला आणि विचारले, “आजोबा, माझं पोट मोठं आहे का?”

मी हसलो खरा. पण ते हसू टिकले नाही. सहा वर्षांच्या पोरीला पोट हे लाडू खाण्यासाठी असते एवढेच ठाऊक असावे! जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड जडली आहे. समोरची वस्तू कुठून आली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा त्या जत्रेतल्या बाहुलीची वंशावळ मी शोधू लागलो, आणि शोधता शोधता थेट जर्मनीतल्या हँबुर्ग शहरी जाऊन पोहोचलो.

महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. 24 जून 1952 रोजी तिथे ‘बिल्ड’ नावाचे वृत्तपत्र निघाले. पहिल्याच अंकात थोडी जागा रिकामी राहिली, म्हणून राइनहार्ट बॉयथिन या चित्रकाराला काहीतरी काढून द्यायला सांगितले. त्याने काढले एक गोंडस बाळ. ते वरिष्ठांना पसंत पडेना. तेव्हा त्या पठ्ठ्याने चेहरा बाळाचा तसाच ठेवला आणि त्याखाली भरल्या अंगाच्या तरुणीचा देह जोडला! हीच ‘लिली’. श्रीमंत पुरुषांच्या मागावर असलेली, चुरचुरीत बोलणारी पोरगी. वाचकांना ती इतकी आवडली की 1955 साली तिची बाहुली बाजारात आली. पण ती मुलांसाठी नव्हती. तंबाखूच्या दुकानांत आणि मद्यगृहांत ती मिळे. पुरुषांनी एकमेकांना थट्टेने भेट द्यावी, अशी ती वस्तू.

पुढचा प्रसंग स्वित्झर्लंडमधला. 1956 साली रूथ हँडलर ही अमेरिकन बाई सहकुटुंब प्रवासाला गेली होती. नवऱ्याबरोबर ती ‘मॅटेल’ ही खेळण्यांची कंपनी चालवीत असे. ल्यूसर्न गावच्या एका दुकानाच्या काचेआड तिला लिली दिसली. बाईंच्या मनात एक कल्पना बरेच दिवस घोळत होती. आपली मुलगी बार्बरा कागदाच्या तरुण बाहुल्यांशी खेळताना मोठेपणीची स्वप्ने रंगवते, हे तिने पाहिले होते. मुलींनी सदा बाळेच का जोजवावीत, असा तिचा सवाल होता. आणि खरे सांगायचे तर तो गैर नव्हता. आमच्या भातुकलीत तरी दुसरे काय होते? बाहुला-बाहुलीचे लग्न लावायचे, पंगत वाढायची आणि विहिणीचे रुसवे काढायचे! मुलीला याहून मोठे स्वप्न द्यावे, ही त्या आईची इच्छा. पण ते स्वप्न तिने ओतले ते लिलीच्या साच्यात.

9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत ‘बार्बी’ अवतरली. साडेअकरा इंच उंची, किंमत तीन डॉलर. तिचे डोळे सरळ समोर पाहत नसत. किंचित खाली आणि तिरके वळलेले असत. ही बाहुली जगाकडे पाहायला नव्हे, जगाने तिच्याकडे पाहावे म्हणून उभी होती. तिची नजर समोर वळायला 1971 साल उजाडावे लागले.

या साऱ्या हकिगतीत मला सर्वांत बोचली ती गोष्ट पुढेच आहे. बाहुली बाजारात येण्यापूर्वी कंपनीने एर्न्स्ट डिश्टर या मूळच्या व्हिएन्नाच्या मानसशास्त्रज्ञाला गाठले. मायलेकींची मने चाचपण्याचे काम त्याच्याकडे होते. मुलींना बाहुली आवडली. आयांना मुळीच आवडली नाही. हे मुलांचे खेळणे नव्हे, असे त्यांच्या नजरेने चटकन ओळखले. त्यावर तोडगा काय निघाला? बाहुली बदलायची नाही, आयांचे मन बदलायचे! ही बाहुली मुलीला नीटनेटके राहायला शिकवील, असे आईला पटवायचे. मुलींशी बोलायला दूरचित्रवाणी होतीच. 1955 पासून ही कंपनी मुलांच्या कार्यक्रमात वर्षभर जाहिराती देत आली होती. फेरीवाला पूर्वी दारात येई, तेव्हा आई त्याच्याशी घासाघीस करी. आता तो आईला वळसा घालून थेट पोरीच्या कानाशी जाऊन बसला.

पुढे 1965 साली त्याच बाहुलीच्या एका संचात वजनाचा काटा आला, कायमचा 110 पौंडांवर थांबलेला. सोबत वजन कमी करण्याचे चिमुकले पुस्तक, आणि त्यातला उपदेश एवढाच, की खाऊ नका! 2006 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या 162 मुलींना निरनिराळी चित्रे दाखवली. बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुलींना आपले शरीर कमी आवडू लागले. आपण अधिक बारीक असावे असे त्यांना वाटू लागले. कंपनीने वेगवेगळ्या बांध्यांच्या बाहुल्या काढल्या त्या 2016 साली. म्हणजे 1958 साली आयांना जे एका नजरेत दिसले, ते मान्य व्हायला जवळजवळ साठ वर्षे लागली.

कायदेही झाले आहेत. स्वीडनने 1991 साली बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास बंदी घातली. आपल्याकडे 2022 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनीही, मुलांच्या मनात आपल्या शरीराविषयी कमीपणा आणणारी जाहिरात नको, असे बजावले. हे चांगलेच झाले. पण माझ्या घरात ती बाहुली कोणा जाहिरातदाराने आणून ठेवली नव्हती. पैसे मोजून मीच ती आणली होती, आणि ‘बाहुलीच तर आहे’ म्हणून तिच्याकडे नीट पाहिलेही नव्हते.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर. तिला मी म्हणालो, “बाळे, तुझं पोट दोन चकल्या मावतील एवढंच आहे. ही बाहुली ज्याने केली ना, त्याने तुझ्यासारखी मुलगी समोर बसवून केलीच नाही.” तिने क्षणभर विचार केला. मग बाहुलीचा झगमगीत झगा काढून ती ठकीला चढवू लागली. झगा ठकीच्या गळ्यातच अडकला.

“ठकीला होतच नाही हा!” ती खदखदून हसली, आणि आजीकडे चिंधी मागायला स्वयंपाकघरात पळाली. येताना तिच्या दोन्ही हातांत चकल्या होत्या.